लेझर प्रिंटरचे टेस्ट पेज: कोणते काढावे आणि कसे वाचावे

बेळगाव जिल्ह्यातील खानापूर तालुक्यातील एका सौहार्द सहकारी संस्थेच्या कचेरीतून आलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. कचेरीतील लेझर प्रिंटरवर विंडोजचे टेस्ट पेज स्वच्छ निघते, पण खातेउताऱ्यांवर पानभर करडी छटा येते. उताऱ्याच्या प्रत्येक पानावर उजव्या बाजूला एकाच उभ्या रेषेत एक काळा ठिपका तीन-चार वेळा उमटतो. पावसाळा सुरू झाल्यापासून छपाई जागोजागी फिकट होते आणि कागद वळून बाहेर येतो. त्यातच कन्नडमधील नोटिसांची अक्षरे एका संगणकावरून बरोबर आणि दुसऱ्यावरून भलतीच छापली जातात. दुरुस्तीवाल्याने नवे कार्ट्रिज (टोनर, म्हणजे छपाईची भुकटी, असलेला डबा) आणि फ्यूझर (ती भुकटी उष्णतेने कागदावर पक्की करणारा भाग) असे दोन्ही बदलायला सांगितले आहे. टेस्ट पेज चांगले येत असताना हा खर्च करावा का, असे आपण विचारले आहे.

दोन्ही भाग एकदम बदलण्याची गरज मला वाटत नाही. आपण वर्णन केलेले दोष एका कारणाचे नसून किमान तीन वेगवेगळ्या ठिकाणचे आहेत, आणि विंडोजचे टेस्ट पेज त्यांपैकी एकाचीही नीट परीक्षा घेत नाही. त्या पानावर वरच्या बाजूला एक चिन्ह आणि खाली बारीक अक्षरांत थोडी माहिती असते, बाकीचे पान कोरेच राहते. असे पान नीट आले म्हणजे संगणक, ड्रायव्हर (संगणकाला प्रिंटर चालवायला शिकवणारा प्रोग्राम) आणि केबल यांचे एकमेकांशी जमते आहे एवढेच सिद्ध होते. ड्रमवरचा, म्हणजे पानाचे चित्र आधी ज्यावर उमटते त्या फिरत्या नळकांड्यावरचा, ओरखडा नेमका कोऱ्या भागात पडला असेल तर तो ठिपका म्हणून दिसेलही, पण फिकट छपाईचे पट्टे दिसायला पानावर मुळात काहीतरी गडद छापलेले असावे लागते. म्हणून मी नेहमी तीन पाने काढायला सांगतो: पहिले प्रिंटरचे स्वतःचे, दुसरे विंडोजचे आणि तिसरे आपण तयार केलेले.

प्रिंटरचे स्वतःचे पान काढताना संगणकाची केबल काढून ठेवावी. अनेक मॉडेलांत पुढचे बटण काही सेकंद दाबून धरले की हे पान निघते. पडदा असलेल्या प्रिंटरमध्ये रिपोर्टच्या मेनूत कॉन्फिगरेशन पेज किंवा प्रिंटर सेटिंग्ज या नावाने ते सापडते. नेमकी कृती आपल्या मॉडेलच्या पुस्तिकेत पाहावी. केबल काढलेली असतानाही करडी छटा आणि ठिपका उमटला, तर संगणक, ड्रायव्हर आणि केबल यांना त्या दोषांपुरते सोडून द्यावे. याउलट हे पान निर्दोष असून संगणकावरून आलेल्या पानातच गोंधळ असेल, तर प्रिंटर उघडण्यात काही अर्थ नाही. एवढी एक विभागणी केली तरी निम्मे काम होते आणि दुरुस्तीवाल्याशी बोलताना आपल्या हातात पुरावा असतो.

या पानावर प्रिंटरने आजवर छापलेल्या पानांचा एकूण आकडा बहुधा असतो. तो वहीत तारखेसह टिपून ठेवावा, म्हणजे टोनर भरून आणलेल्या कार्ट्रिजने किती पाने दिली हे पुढे कळते. प्रिंटर नेटवर्कवर असेल तर, केबल पुन्हा जोडून काढलेल्या पानावर, त्याचा आयपी पत्ताही असतो. तो १६९.२५४ ने सुरू होत असेल तर राउटरकडून प्रिंटरला पत्ता मिळालेला नाही. पत्ता ठीक आहे, पण विंडोजमधील पोर्टवर (विंडोज ज्या जोडणीतून प्रिंटरकडे पाने पाठवते तिच्यावर) जुनाच पत्ता आहे, असे वीज जाऊन राउटर पुन्हा सुरू झाल्यावर फार वेळा घडते, आणि मग 'प्रिंटर ऑफलाइन' असे दिसू लागते. राउटरमध्ये त्या प्रिंटरसाठी पत्ता राखून ठेवला की हा त्रास थांबतो.

दुसरे पान विंडोजचे. सेटिंग्जमध्ये प्रिंटर्स अँड स्कॅनर्स उघडून आपला प्रिंटर निवडला की 'प्रिंट टेस्ट पेज' हा पर्याय मिळतो. पान हातात आल्यावर बहुतेकजण चिन्ह ठीक आले म्हणून ते बाजूला टाकतात. त्याऐवजी ड्रायव्हरचे आणि पोर्टचे नाव वाचावे. एकाच प्रिंटरची 'कॉपी १' अशी दुसरी प्रत संगणकात तयार झालेली असते आणि कर्मचारी तिच्यावर छापत बसतात, हे याच पानावरून उघडकीला येते. पान निघालेच नाही आणि रांगेत अडकून बसले, तर सर्व्हिसेसमधून प्रिंट स्पूलर (छपाईची रांग सांभाळणारा प्रोग्राम) थांबवावा, विंडोजच्या सिस्टम३२ फोल्डरमधील स्पूल या फोल्डरच्या आतला फक्त प्रिंटर्स हा फोल्डर रिकामा करावा आणि स्पूलर पुन्हा सुरू करावा. प्रिंटरचा दिवा लुकलुकतो पण कागद ओढला जात नाही, अशा वेळी कागदाचा आकार तपासावा. विंडोजने मूळ आकार लेटर धरलेला असेल, तर २१६ बाय २७९ मिलिमीटरचा कागद मिळावा म्हणून प्रिंटर थांबून राहतो आणि ट्रेमध्ये मात्र २१० बाय २९७ चा ए-४ असतो. आपल्याकडे वकिलांच्या आणि नोंदणीच्या कामासाठी लीगल कागदही वापरला जातो, त्यामुळे हा घोटाळा सोसायट्यांच्या कचेऱ्यांत जास्त होतो.

खरे निदान तिसऱ्या पानावर होते, आणि ते एकदाच तयार करून ठेवावे लागते. वर्डमध्ये ए-४ पानावर कडेपासून साधारण एक सेंटीमीटर आत बारीक रेषेची चौकट काढावी. कागद तिरका ओढला जात असेल तर ही चौकट लगेच सांगते. वरच्या भागात पानाच्या संपूर्ण रुंदीचा एक पूर्ण काळा पट्टा घ्यावा. त्याच्याखाली तेवढाच रुंद, साधारण ३० टक्के करडा पट्टा घ्यावा, कारण एका बाजूने फिकट होणारी छपाई काळ्यापेक्षा करड्यावर आधी कळते. मधला मोठा भाग मुद्दाम पूर्ण कोरा ठेवावा. पार्श्वभूमीवरची छटा आणि फिरून फिरून येणारे ठिपके तिथे स्पष्ट दिसतात. तळाशी आठ, दहा आणि बारा पॉइंटमध्ये मराठी, कन्नड आणि इंग्रजी मजकूर घालावा. मराठीत रफार, ज्ञ, श्र, ट्ठ यांसारखी जोडाक्षरे आणि अनुस्वार यावेत, कन्नडमध्ये अक्षराखाली लागणारी ओत्तक्षरे यावीत, कारण बारीक टोके तुटतात ती तिथेच. आकड्यांची एक ओळही असू द्या. खातेउताऱ्यात ३ आणि ८ एकमेकांसारखे दिसू लागले तर तो केवळ सौंदर्याचा प्रश्न राहत नाही. ही फाइल पीडीएफ करून सर्व संगणकांवर ठेवावी आणि सलग तीन प्रती छापाव्यात, कारण पहिले पान आणि यंत्र तापल्यानंतरचे तिसरे पान यांत फरक पडू शकतो. काळा पट्टा असल्यामुळे हे पान टोनर जास्त खाते, म्हणून ते रोज काढण्याची वस्तू नाही.

आता आपला ठिपका घेऊ. लेझर प्रिंटरमधील जवळजवळ प्रत्येक महत्त्वाचा भाग गोल फिरणारा असतो आणि प्रत्येकाचा घेर वेगळा असतो. रोलरच्या पृष्ठभागावर एक खूण असेल, तर ती कागदावर त्या रोलरच्या घेराइतक्या अंतराने पुन्हा पुन्हा उमटते. म्हणून पान टेबलावर पसरून स्टीलच्या पट्टीने एका ठिपक्याच्या मध्यापासून पुढच्या ठिपक्याच्या मध्यापर्यंतचे अंतर मिलिमीटरमध्ये मोजावे. शक्य असल्यास सलग तीन अंतरे मोजून सरासरी घ्यावी. लहान प्रिंटरमधील कार्ट्रिजचा ड्रम बहुधा २४ मिलिमीटर व्यासाचा असतो, म्हणजे त्याचा घेर सुमारे ७५ मिलिमीटर होतो. ए-४ पानाची लांबी २९७ मिलिमीटर असल्यामुळे ड्रमवरचा एक दोष पानावर तीन ते चार वेळा दिसतो, आणि आपण लिहिलेला आकडाही तोच आहे. ब्रदरच्या अनेक मॉडेलांत ड्रम ३० मिलिमीटर व्यासाचा असतो आणि तिथे हे अंतर ९४ मिलिमीटर भरते. चार्जिंग रोलर (ड्रमला विद्युत्भार, म्हणजे चार्ज, देणारा), डेव्हलपर रोलर (ड्रमवर टोनर नेणारा) आणि ट्रान्सफर रोलर (ड्रमवरचा टोनर कागदावर ओढणारा) यांचे व्यास ड्रमपेक्षा कमी असतात, त्यामुळे त्यांच्या खुणा पानावर अधिक वेळा आणि जवळजवळ येतात. अचूक मापांचा तक्ता त्या-त्या मॉडेलच्या सर्व्हिस पुस्तिकेत असतो.

तेव्हा आपल्या पट्टीवर ७५ च्या आसपास अंतर आले, तर ठिपका ड्रमचा आहे आणि फ्यूझरचा त्याच्याशी संबंध नाही. एचपीच्या १२ए किंवा ८८ए यांसारख्या कार्ट्रिजमध्ये ड्रम कार्ट्रिजच्याच आत असतो. शेजारच्या शाखेत त्याच क्रमांकाचे कार्ट्रिज असेल तर ते दहा मिनिटांसाठी आणून आपल्या प्रिंटरमध्ये घालावे आणि तिसरे पान पुन्हा काढावे. ठिपका नाहीसा झाला तर कार्ट्रिज दोषी. तिथेच राहिला तर प्रिंटर दोषी. कोणत्याही महागड्या यंत्रापेक्षा ही अदलाबदल अधिक निर्णायक असते, आणि मी ती केल्याशिवाय कोणालाही नवा भाग घ्यायला सांगत नाही. ब्रदरसारख्या प्रिंटरमध्ये टोनर आणि ड्रम हे दोन वेगळे भाग असतात, म्हणून तिथे कोणता बदलला हे लक्षात ठेवावे. त्यांच्या ड्रमवर एक हिरवी खिटी असते; ती अनेकदा इकडून तिकडे सरकवली की ड्रमला चार्ज देणारी आतील कोरोना वायर साफ होते. खिटी मूळ जागी परत आणली नाही, तर पानावर उभा काळा पट्टा येतो आणि माणूस नव्या दोषाच्या मागे लागतो.

पानाच्या लांबीभर जाणाऱ्या उभ्या रेषांना अंतर मोजण्याचा उपयोग नाही. बारीक काळी रेषा बहुधा ड्रमवरच्या ओरखड्याची किंवा झिजलेल्या वायपर ब्लेडची (ड्रमवर उरलेला टोनर खरवडणाऱ्या पट्टीची) असते. पांढरी रेषा मात्र दोन ठिकाणांहून येऊ शकते: कार्ट्रिजमध्ये टोनर अडकलेला असतो, किंवा लेझरचा किरण ज्या काचेतून बाहेर पडतो तिच्यावर धूळ बसलेली असते. दुसरे कार्ट्रिज घालूनही रेषा त्याच जागी राहिली तर ती काचेची. निपाणीकडच्या तंबाखूच्या वखारींतील बारीक भुकटी काय, किंवा आपल्याकडच्या रस्त्यांवरची तांबडी धूळ काय, दोन्ही तिथपर्यंत पोचतात. संपूर्ण काळे पान म्हणजे ड्रमवर चार्ज बसत नाही. लेझर जिथे चार्ज उतरवतो तिथे टोनर चिकटतो, अशी या यंत्राची रचना असल्यामुळे चार्जच नसलेला ड्रम सगळीकडे टोनर ओढतो. पूर्ण कोरे पान आले तर नव्या कार्ट्रिजची सीलपट्टी ओढून काढली आहे का, हे आधी पाहावे.

फिकट छपाईसाठी एक चाचणी आहे, जी दुरुस्तीवाले करतात पण ग्राहकाला दाखवत नाहीत. तिसरे पान छापायला सोडावे आणि कागद आत ओढला गेल्यावर, त्याची पुढची कड बाहेर दिसण्याआधीच, प्रिंटरचे झाकण उघडावे. मोटर थांबते आणि पान अर्ध्या वाटेवर राहते. कार्ट्रिज हलक्या हाताने बाहेर काढून कागदाकडे व ड्रमकडे पाहावे. कागदावर या टप्प्यावर टोनरची सुटी भुकटी असते, बोट लागले की ती पुसली जाते. त्या भुकटीतील चित्र गडद आणि पूर्ण असेल, पण नेहमीचे छापून आलेले पान बोटाने घासल्यावर पुसले जात असेल, तर दोष पुढच्या टप्प्यावर, म्हणजे फ्यूझरवर आहे. कागदावर चित्र फिकट असेल आणि कागदाला भिडून पुढे गेलेल्या ड्रमच्या भागावर बराच टोनर शिल्लक दिसत असेल, तर टोनर ड्रमवरून कागदावर उतरत नाही. अशा वेळी ट्रान्सफर रोलर किंवा ओलसर कागद यांच्यावर संशय घ्यावा. ड्रमवर मुळात चित्रच फिकट असेल तर टोनर, डेव्हलपर रोलर किंवा लेझर यांकडे वळावे. ही चाचणी करताना फ्यूझरच्या भागाला हात लावू नये, तो अतिशय तापलेला असतो. ड्रम उजेडात उघडा ठेवू नये, ट्रान्सफर रोलरच्या स्पंजला बोट लावू नये, आणि सांडलेला टोनर गरम पाण्याने किंवा घरातल्या व्हॅक्यूम क्लीनरने साफ करू नये. कोरड्या फडक्याने टिपून घ्यावा, हात थंड पाण्याने धुवावेत.

आपल्या बाबतीत मला दुसरी शक्यता, म्हणजे ओलसर कागद, फार मोठी वाटते, कारण त्रास पावसाळ्यात सुरू झाला आहे. जांबोटी, कणकुंबी, लोंढा या पट्ट्यात जून ते सप्टेंबर हवेत किती दमटपणा असतो हे आपल्याला सांगायला नको. उघडे राहिलेले कागदाचे रीम तो दमटपणा शोषून घेते. ओला कागद विजेला वाट देतो, त्यामुळे ट्रान्सफर रोलरने दिलेला चार्ज कागदातून निसटतो आणि टोनर जागोजागी नीट उतरत नाही. फ्यूझरमध्ये तोच कागद एकाएकी वाळतो आणि म्हणून वळतो. छापताना बाहेर येणाऱ्या कागदाबरोबर वाफ दिसत असेल तर ती याच ओलाव्याची असते, यंत्र जळत असल्याची नव्हे. पडताळा अगदी स्वस्त आहे: दुकानातून ७५ जीएसएमचे नवे रीम आणावे, छापण्याच्या वेळीच त्याचे आवरण फाडावे, त्यातील दहा कागद ट्रेमध्ये घालून तिसरे पान छापावे आणि आधीच्या कागदावरच्या पानाशेजारी ठेवून पाहावे. फरक दिसला तर फ्यूझरचा खर्च वाचला. पुढे ट्रेमध्ये एका दिवसाला लागेल एवढाच कागद ठेवावा, उरलेले रीम फरशीवर किंवा भिंतीला टेकवून न ठेवता प्लास्टिकच्या पिशवीत बांधून लोखंडी कपाटात ठेवावे.

पार्श्वभूमीची करडी छटा दमटपणानेही येते, पण नव्या कागदावरही ती टिकली तर टोनर भरून आणलेल्या कार्ट्रिजकडे पाहावे. १२ए कार्ट्रिज साधारण २,००० पानांसाठी आणि ८८ए साधारण १,५०० पानांसाठी बनवलेले असते, तेही पानाचा सुमारे ५ टक्के भागच छापलेला आहे असे धरून. आपल्या खातेउताऱ्यावर संस्थेचे बोधचिन्ह आणि रकान्यांच्या जाड चौकटी असतील तर एवढी पाने मिळणार नाहीत. पुन्हा पुन्हा टोनर भरताना आतला ड्रम, वायपर ब्लेड आणि टोनरचा थर पातळ ठेवणारे डॉक्टर ब्लेड तेच जुने राहतात. वाया गेलेल्या टोनरचा कप्पा रिकामा न करता वरून नवा टोनर भरला, तर तो कप्पा तुडुंब होऊन टोनर बाहेर सांडतो. भरणाऱ्याला कप्पा रिकामा केला का, ड्रम आणि ब्लेड बदलले का, हे दोन प्रश्न विचारावेत. टोनर भरून घेणे वाईट नाही, मात्र ड्रम न बदलता चौथ्यांदा भरलेल्या कार्ट्रिजकडून स्वच्छ पानाची अपेक्षा धरू नये.

कन्नड नोटिसांचा प्रश्न या सगळ्यापासून पूर्ण वेगळा आहे आणि तो प्रिंटरमध्ये नाही. कॅननचा एलबीपी २९०० किंवा एचपीचा १०२० यांसारखे प्रिंटर पानाचे संपूर्ण चित्र संगणकाकडूनच तयार करून घेतात. त्यांना अक्षरे कळतच नाहीत, तर ती बिघडवणार कशी? नुडी या कन्नड टायपिंगच्या सॉफ्टवेअरच्या जुन्या, युनिकोड (अक्षरे सर्व संगणकांना सारखीच कळावीत यासाठीची पद्धत) नसलेल्या फॉन्टमध्ये टाइप केलेली नोटीस तो फॉन्ट नसलेल्या संगणकावर उघडली, की पडद्यावरच रोमन अक्षरे आणि चिन्हे दिसू लागतात. जुन्या श्रीलिपी फॉन्टमधील मराठीचेही असेच होते. अशा वेळी दोन्ही संगणकांवर तोच फॉन्ट बसवावा, किंवा ज्या संगणकावर नोटीस बरोबर दिसते तिथूनच पीडीएफ करावी. नव्या नोटिसा युनिकोडमध्येच टाइप करणे अधिक चांगले. पडद्यावर बरोबर आणि कागदावर चूक, असा प्रकार मात्र मोठ्या, स्वतःचे फॉन्ट बाळगणाऱ्या प्रिंटरवर होऊ शकतो. तिथे ड्रायव्हरच्या ॲडव्हान्स्ड भागात ट्रूटाइप फॉन्ट चित्ररूपाने पाठवण्याचा पर्याय निवडावा, किंवा ॲडोबी रीडरमध्ये छापताना 'प्रिंट ॲज इमेज' ची खूण करावी. त्याने अक्षरे सुधारली तर दोष ड्रायव्हर आणि फॉन्ट यांच्यातला आहे हे ठरले. पानामागून पान बाहेर येते आणि प्रत्येकावर वर एखादी ओळ अगम्य चिन्हांची असते, असा प्रकार बहुधा चुकीच्या ड्रायव्हरचा असतो. रांग रिकामी करून योग्य ड्रायव्हर बसवावा.

म्हणून आधी नवे रीम, मग केबल काढून प्रिंटरचे पान, मग आपले तिसरे पान आणि पट्टी, त्यानंतर शेजारच्या शाखेचे कार्ट्रिज, या क्रमाने जावे. माझा अंदाज असा की कार्ट्रिज किंवा त्यातील ड्रम बदलावा लागेल आणि फ्यूझर बदलावा लागणार नाही. तरीही दुरुस्तीवाला फ्यूझरवर ठाम असेल तर त्याला नव्या कागदावरचे पान बोटाने घासून दाखवायला सांगावे. टोनर पुसला गेला तर ड्रायव्हरमध्ये कागदाचा प्रकार जाड किंवा खरबरीत असा निवडून पुन्हा छापावे, म्हणजे फ्यूझर जास्त तापतो. तेवढ्यानेही पुसलाच गेला तर त्याचे म्हणणे बरोबर आहे. त्याआधी एकदा प्रिंटरचा प्लग कुठे लावला आहे तेही पाहावे. लेझर प्रिंटर फ्यूझर तापवताना क्षणभर फार मोठा भार घेतो. संगणकासाठी घेतलेल्या ६०० व्हीएच्या लहान यूपीएसवर तो जोडलेला असेल, तर यूपीएस किंचाळतो, प्रिंटर मध्येच बंद पडून पुन्हा सुरू होतो आणि फ्यूझरचा एरर दाखवतो. प्रिंटर थेट भिंतीवरच्या अर्थिंग असलेल्या सॉकेटमध्ये लावावा आणि यूपीएसवर फक्त संगणक ठेवावा.